कोलशेतजवळ घर आहे आणि एअरफोर्सच्या कुटुंबाला भाड्याने द्यायचंय? मग हे वाचा

आमचं ठाण्यात ढोकाळीला एक वन बीएचके आहे. आम्ही स्वतः मानपाड्याला राहतो. ढोकाळीच्या घरापासून कोलशेतचं एअरफोर्स स्टेशन स्कूटरने दहा मिनिटांवर, त्यामुळे गेली बारा वर्षं त्या घरात एकामागून एक एअरफोर्सचीच कुटुंबं राहिली, पाच झाली आतापर्यंत. गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी विचारलं की आम्हालापण फौजी भाडेकरू हवाय, काय काय करायचं, तर त्यांना फोनवर सांगता सांगता तास गेला. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू, ब्रह्मांड, आझादनगर, पातलीपाडा, वाघबीळ, कुठेही घर असलं तरी उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हे कुटुंब तुमच्याकडे जायची तारीख घेऊनच येतं, फक्त ती तारीख त्यांनाही माहीत नसते. एक तर पोस्टिंग येतं, नाही तर स्टेशनच्या आत क्वार्टर मिळतं. लग्न झालेल्या प्रत्येकाला आत लगेच घर मिळत नाही, वेटिंग लिस्ट असते, तोपर्यंत परवानगी घेऊन बाहेर राहतात. क्वार्टर अलॉट झालं की घरभाडं भत्ता, म्हणजे एचआरए, बंद. मग तुमचं घर त्यांना कितीही आवडलेलं असू दे, ते थांबणार कसे? म्हणून भाडं, अॅग्रीमेंट, डिपॉझिट, सगळं या जाण्याच्या हिशोबाने ठरवायचं. बरेच मालक इथेच चुकतात, लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडायचं नाही अशी अट घालतात, मधेच निघाले तर दोन महिन्यांचं भाडं कापतात, आणि मग म्हणतात फौजी परत आमच्याकडे येत नाहीत.

आता भाडं किती लावायचं. आपल्याकडे समज आहे की फौजी म्हणजे सरकार भाडं देतं, कितीही सांगा. असं नाहीये. एचआरए हा बेसिक पगाराच्या टक्क्यात असतो, ठाणे आणि नवी मुंबई बृहन्मुंबईच्या पट्ट्यात धरलं जातं म्हणून एक्स वर्गाचं, म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरांच्या गटातलं शहर, आणि जानेवारी २०२४ पासून तो दर ३० टक्के आहे, त्याआधी २७ होता आणि त्याच्याही आधी २४. आता हिशोब करा, एखाद्या सार्जंटचा बेसिक ४० हजार असेल तर भत्ता १२ हजार. ढोकाळीत १२ हजारात वन बीएचके मिळतं का? नाही मिळत. वरचे पैसे तो खिशातून घालतो, आणि गावी आईवडिलांनाही पाठवत असतो. आमच्या घराचं भाडं १८ हजार आहे, बाजारात दोन हजार जास्त मिळतील हे मला माहीत आहे, पण बारा वर्षांत ते घर सलग दोन महिने कधी रिकामं राहिलेलं नाही, आणि चार वेळा कुटुंब बदललं त्यात ब्रोकरेज द्यायची वेळ एकदाच आली. टू बीएचके असेल तर तुमचा भाडेकरू बहुतेक ऑफिसर किंवा जुना वॉरंट ऑफिसर असणार. त्यांच्या खालच्या रँकचा कॉर्पोरल किंवा सार्जंट वन बीएचके नाही तर वन आरकेच बघतो. घर कोणासाठी आहे ते आधी ओळखा, मग आकडा सांगा.

जाहिरात कधी टाकायची? बदल्या वर्षभर होतात पण मुलांच्या शाळेमुळे मार्च ते जून हाच हंगाम. केंद्रीय विद्यालयात बदलीवाल्या केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना आधी प्रवेश मिळतो, त्यामुळे शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीला माणसं घाईत घर शोधतात. घर रिकामं होणार असेल तर फेब्रुवारीतच आधीच्या भाडेकरूला सांगून ठेवा, त्याच्या ओळखीतला कोणीतरी येतोच.

जाहिरातीच्या फोटोंचं मुद्दाम सांगते. तुमच्या गॅलरीतून स्टेशनचा परिसर, भिंत, आतल्या इमारती दिसत असतील तर तो व्ह्यू फोटोत टाकू नका. "एअरफोर्स फेसिंग" म्हणून जाहिराती करतात लोक, मला ते अजिबात पटत नाही. ब्रोकर ड्रोनने व्हिडिओ काढून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, स्टेशनच्या आसपास ड्रोन उडवायचाच नाही. घराचे फोटो घरातलेच असू द्या, किचनचा ओटा, बाथरूम, आणि माळा.

हो, माळा. हसू नका, फौजी बाई घर बघायला आली की आधी माळा बघते. त्यांच्याकडे काळ्या पत्र्याच्या ट्रंका असतात, वर पांढऱ्या रंगाने नाव, नंबर आणि रँक लिहिलेली, आमच्या मागच्या कुटुंबाकडे अशा नऊ होत्या. दोन-तीन वर्षांत परत लागणार म्हणून त्या टाकून देता येत नाहीत. माळा रिकामा करून द्या, तुमची जुनी भांडी नि मोडका पंखा तिथे ठेवू नका. फर्निचर द्यायची गरज नाही, गीझर द्या, पंखे चांगले द्या, सेफ्टी डोअर आणि खिडक्यांना मच्छरची जाळी लावून द्या. येऊरच्या जंगलाच्या बाजूला असाल तर माकडं येतात, किचनच्या खिडकीला ग्रिल हवीच. आणि पाण्याचं खरं सांगा. घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतो हे लपवून काय मिळणार, पहिल्याच एप्रिलमध्ये कळणार. आमच्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, मी ते घर दाखवतानाच बोट ठेवून दाखवते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. खोटे फौजी.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी घराची ऑनलाइन जाहिरात टाकली आणि अर्ध्या तासात फोन आला. "जय हिंद मॅडम", माझी पोस्टिंग ठाण्याला झालीय, फॅमिली पुढच्या आठवड्यात येतेय, घर बघायची गरज नाही, फोटो बघून पसंत आहे. व्हॉट्सअॅपवर आयकार्डचा फोटो, आधारचा फोटो, कॅन्टीन कार्डचा फोटो, युनिफॉर्ममधला फोटो, न मागता सगळं पाठवलं. भाडं कमी करा असं एका शब्दानेही म्हणाला नाही. मग म्हणाला आमचं पेमेंट ऑफिसकडून होतं, त्याची पद्धत वेगळी आहे, आधी तुमच्याकडून एक रुपया यावा लागतो, मग डबल परत येतो. एक रुपया पाठवला, दोन रुपये आले. मग त्याने क्यूआर कोड पाठवला, म्हणाला स्कॅन करा, डिपॉझिट जमा होईल. मी स्कॅन केला, पिन टाकला, आणि १० हजार गेले. तो म्हणतोय चुकून झालं, परत स्कॅन करा, दोन्ही परत येतील. तेवढ्यात माझा मुलगा खोलीत आला आणि त्याने फोन हातातून घेतला. त्या रात्री मला झोप लागली नाही, पैशापेक्षा जास्त याचं वाईट वाटलं की मी त्या वर्दीच्या फोटोवर विश्वास ठेवला होता.

पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, कधीच स्कॅन करावं लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार, दुसरं काही होत नाही. फौजेत अशी उलट्या पेमेंटची कुठलीही पद्धत नाही, जवानाचा पगार तुमच्या-आमच्यासारखाच बँकेत जमा होतो आणि तो तिथूनच ट्रान्सफर करतो. असं काही झालं तर पहिल्या काही मिनिटांत १९३० ला फोन लावा, सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे, जेवढा लवकर फोन तेवढी पैसे अडवायची शक्यता जास्त, आणि मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका.

मग खरा फौजी ओळखायचा कसा? खरा माणूस घर बघायला येतो. पत्नीला घेऊन येतो, नाही तर ती गावी असेल तर व्हिडिओ कॉलवर तिला किचन दाखवतो. तो भाड्यात घासाघीस करतो, पाण्याचं विचारतो, पार्किंगचं विचारतो, स्टेशनला जायला किती वेळ लागतो ते विचारतो. आणि तो आयकार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवत नाही. सर्व्हिसचं आयकार्ड झेरॉक्स करायला, फोटो काढून वाटायला त्यांना मनाई असते, आणि ती बरोबरच आहे, कारण अशाच कुठून तरी मिळालेल्या फोटोंवर हे चोर धंदा करतात. समोर बसल्यावर हातात घेऊन कार्ड बघा, परत द्या, बस. अॅग्रीमेंटला आधार आणि पॅन लागतं, ते पुरेसं आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आयकार्डाची झेरॉक्स फाइलला लावायची म्हणून अडून बसले होते, मी त्यांना म्हटलं काका, उद्या ती फाइल कोण बघेल, त्याचे फोटो कुठे जातील तुम्हाला माहीत आहे का? मग ऐकलं त्यांनी. स्टेशनच्या गेटवर जाऊन अमुक नावाचा माणूस आत आहे का असं विचारायलाही जाऊ नका, तिथे कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये.

अॅग्रीमेंट. फौजी आहे, शब्दाचा पक्का आहे म्हणून साध्या कागदावर लिहून घेणारे मालक मी बघितलेत, तसं करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टर्ड असलाच पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय भाडेकरूलाही एचआरएच्या आणि टॅक्सच्या कागदांसाठी पक्का करार लागतो. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधारवर दोघांचे अंगठे आणि फोटो, वीस मिनिटांचं काम.

खर्च किती? स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम भाड्यात मिळवायची. म्हणजे आमचं उदाहरण, पहिलं वर्ष १८ हजार भाडं, दुसरं वर्ष ५ टक्के वाढीने १८,९००, असे २४ महिने, झाले ४ लाख ४२ हजार ८००. डिपॉझिट ५० हजार, त्यावर दोन वर्षांचं व्याज १० हजार. एकूण ४ लाख ५२ हजार ८००, त्याचा पाव टक्का ११३२ रुपये, वरच्या शंभरात धरून १२०० ठेवा. रजिस्ट्रेशन फी महानगरपालिकेच्या हद्दीत १००० रुपये. वर एजंटचे पैसे. अकरा महिन्यांचाच करार करायला पाहिजे असं काही नाहीये, ती फक्त सवय आहे आपली, या पद्धतीने ६० महिन्यांपर्यंत होतो. मी २४ महिन्यांचा करते, दुसऱ्या वर्षी भाडं ५ टक्के वाढेल असं त्यातच लिहून, म्हणजे दर अकरा महिन्यांनी ड्युटीवरून सुट्टी काढून त्या माणसाला अंगठा द्यायला यावं लागत नाही.

करार नवऱ्याच्या म्हणजे जो नोकरीत आहे त्याच्या नावाने करा, आणि पत्नी, मुलं, येऊन-जाऊन राहणारे आईवडील यांची नावं राहणाऱ्यांमध्ये घाला. आणि पोस्टिंगची अट घाला, ही अट एजंटच्या छापील नमुन्यात नसते, सांगून घालून घ्यावी लागते. आमच्या करारात असं वाक्य आहे: "लायसन्सीची बदली झाल्यास किंवा त्यास शासकीय निवासस्थान मिळाल्यास तो पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन जागा सोडू शकेल, अशा वेळी राहिलेल्या दिवसांपुरतेच भाडे आकारले जाईल व लॉक-इन लागू होणार नाही." इतर कारणाने सोडली तर एक महिन्याची नोटीस. पोस्टिंग ऑर्डरची कॉपी मागू नका, त्यावर युनिटची माहिती असते. तोंडी सांगितलं की पुरे. पाच कुटुंबांपैकी एकानेही मला खोटं सांगून घर सोडलेलं नाही.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचीच, फौजी असला तरी. ऑनलाइन भरता येते, नाही तर तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात. सोसायटीला कराराची कॉपी द्या. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी मालकाकडून घेते ती जादा रक्कम, हा सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे, त्यामुळे भाडेकरू बदलला की वेगळे डोनेशन वगैरे मागितलं तर हा आदेश दाखवा.

भाडं बँकेतच घ्या आणि पावती द्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की भाडेकरूला एचआरएच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन लागतो, तो न देणारे मालक आहेत, आणि मग जवानाचा टॅक्स जातो. तुमचं भाड्याचं उत्पन्न तुम्ही दाखवाच, मालमत्ता कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के वजावट तशीही मिळते.

नवी मुंबईत खारघरच्या जलवायू विहारसारख्या ठिकाणी मालकच फौजी असतात, त्यांच्यासाठी एवढंच, भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम २३ बघून ठेवा, सैन्यातल्या मालकाला स्वतः राहायला जागा परत हवी असेल तर त्याची वेगळी तरतूद आहे.

आता घर दिल्यानंतरचं. नवरा टीडीवर, म्हणजे तात्पुरत्या ड्युटीवर, कोर्सवर, महिना महिना बाहेर असतो आणि ती बाई भाषा न येणाऱ्या गावात लहान मूल घेऊन एकटी असते. प्लंबर पाठवायचा असेल तर आधी तिला फोन करा, दिवसा पाठवा, प्लंबरचं नाव सांगा. स्वतःही न सांगता जाऊन उभे राहू नका. पहिल्या दिवशी तिला जवळच्या डॉक्टरचा, गॅसवाल्याचा, खात्रीच्या रिक्षावाल्याचा नंबर एका कागदावर लिहून द्या, मी तो फ्रिजवर चिकटवूनच येते.

२०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं ते दिवस. आमची तेव्हाची भाडेकरू वहिनी, मूल सात महिन्यांचं, नवरा ड्युटीवर गेला तो चार दिवस घरी आलाच नाही, फोन दिवसातून एकदा, तोही मिनिटभर. आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक तिला विचारत होते, क्या चल रहा है अंदर, कुछ बताओ ना. वाईट हेतूने नाही, काळजीनेच विचारत होते, पण ती रडकुंडीला आली होती कारण उत्तर द्यायचं नव्हतं आणि न द्यावं तर लोकांना वाटणार माज आहे. मी त्या ग्रुपवर लिहिलं की हिला कोणी काही विचारू नका, दूध-भाजी लागली तर विचारा. त्या चार रात्री मी तिच्याकडे झोपायला गेले. पहाटे बाळ उठलं की ती आधी फोन बघायची आणि मग बाळाला घ्यायची. तुमचा भाडेकरू कुठल्या युनिटला आहे, काय काम करतो, कधी जातो येतो, हे तुम्ही विचारू नका आणि दुसऱ्याला सांगूही नका, नातेवाइकांनाही नाही.

शेवटचं डिपॉझिट. पोस्टिंग आलं की त्या घरात एकदम खर्च सुरू होतो, ट्रक, पॅकिंग, नव्या गावात नवीन डिपॉझिट, शाळेची फी. सरकारकडून पैसे मिळतात पण ते मागाहून. अशा वेळी तुम्ही "लाइट बिल येऊ दे मग बघू" म्हणून महिनाभर ५० हजार अडकवले तर तो माणूस जोधपूरहून किंवा तेजपूरहून तुमच्या मागे लागणार कसा? म्हणून मी निघायच्या चार दिवस आधी जाऊन घर बघते, काही दुरुस्ती असेल तर तेव्हाच बोलते, आणि ट्रक भरतो त्या दिवशी पूर्ण रक्कम ट्रान्सफर करते, महावितरणचं शेवटचं बिल मीटरच्या फोटोवरून अंदाजाने हजार-बाराशे धरून कापते, बिल आलं की फरक पाठवते. पाइप गॅस असेल तर त्याचंही तसंच. भिंतीवरचे खिळे, वापराने गेलेला रंग, याचे पैसे कापू नका, दोन वर्षं माणसं राहिली आहेत तिथे. आमच्याकडून गेलेल्या हरियाणाच्या वहिनींनी तर निघायच्या आदल्या रात्री प्रत्येक खिळ्याचं भोक व्हाइट सिमेंट लावून बोटाने सपाट केलं होतं, सकाळी मी गेले तेव्हा ते अजून ओलं होतं. डिपॉझिट आलेलं मोबाइलवर बघून त्या म्हणाल्या, आंटी, पिछली जगह तो छह महीने लगे थे. नंतर दीड वर्षाने त्यांचाच फोन आला की आमच्या ओळखीची एक फॅमिली ठाण्याला येतेय, घर खाली आहे का.

ट्रक हलायच्या आधी हे तेवढं करून घ्या: मीटरचा फोटो दोघांच्या मोबाइलवर, किल्ल्यांचे सगळे सेट मोजून, सोसायटीला ट्रकचं आणि लिफ्टचं आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं, कारण नऊ ट्रंका लिफ्टमधून उतरवायला पाऊण तास लागतो आणि सकाळी सातच्या आत नाही झालं तर शाळेची मुलं खाली अडकतात. आणि माळ्यावर एकदा स्वतः स्टूल घेऊन चढून बघा, मागच्या वेळी बाळाचा पाळणा तिथेच राहिला होता, कुरिअरने पाठवावा लागला.